पोस्टकार्डावरचे उत्तर

ईदचा चांद पाहायला इतवारीत आजही घरोघरी लोक गच्चीवर चढतात. तेव्हा एखादे पोर हमखास विचारते, "काल चांद का नाही दिसला?" आपण म्हणतो, "गप्प बस, दुआ माग." दुआ मागावीच, पण पोराला उत्तरही द्यावे. अशी उत्तरे देणारे डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले.

जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. वडील बनारसच्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर संशोधन करून नाव झाले, तरी १९७२ मध्ये ते भारतात परतले. १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक. जुन्नरजवळ गिरवलीला दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे, ती याच संस्थेची. पत्नी मंगलाताई गणितज्ञ होत्या, तिन्ही मुलीही विज्ञानातच गेल्या.

मुले सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आणि खरोखर उत्तर येई! मराठीत त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, पण मला हे पोस्टकार्ड त्याहून मोठे वाटते.

२००८ मध्ये त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. कोणती कुणाची, ते ज्योतिषांनी ओळखायचे. २७ जणांनी उत्तरे पाठवली. निम्मीही बरोबर नव्हती. नाणे उडवले असते तरी चालले असते.

आपल्याकडे पत्रिका नसते, म्हणून हसू नये. ग्रहणात गरोदर सुनेला सुरी धरू न देणे, सफर महिन्यात लग्न टाळणे, फाल काढणे हे आपल्याच घरांत चालते. प्रेषितांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहिम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. प्रेषितांनी (स.) ऐन दुःखात ते खोडून काढले: सूर्य-चंद्राला कुणाच्या जन्ममरणाने ग्रहण लागत नाही, त्या अल्लाहच्या निशाण्या आहेत; ग्रहण दिसले की नमाज पढा. ही हदीस आपल्या सुनांना कोण सांगणार?

२ ऑगस्ट २०२७ रोजी खुद्द मक्केत खग्रास सूर्यग्रहण आहे. त्याआधी मुलांना, मुलींना तर नक्कीच, गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण दाखवून आणा. इतवारीतून ते काही लांब नाही.