पगारपत्रकामागे दडलेला मालक

औद्योगिक वसाहतीतील तरुण कामगाराला 'तू कोणत्या कारखान्यात आहेस?' असे आज विचारले, तर तो कारखान्याचे नाव सांगून लगेच पुस्ती जोडतो : 'पण मी थर्ड पार्टी पेरोलवर आहे.' हा शब्द त्याने पुस्तकातून उचललेला नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तो त्याच्या हातात ठेवण्यात आला आहे. यंत्र एकाचे, माल त्याचाच, हुकूमही त्याचाच. पगाराची चिठ्ठी मात्र भलत्याच कंपनीची, अशी ही व्यवस्था आहे. भारतासारख्या देशात भांडवल गुंतवू पाहणाऱ्या परदेशी कंपन्यांपुढे ती 'कायद्याच्या गुंतागुंतीतून सुटका' या नावाखाली मांडली जाते. सुटका कोणाची आणि कशातून, एवढाच प्रश्न कामगार चळवळीने विचारावयाचा आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. हजेरीवरून पगाराचा हिशेब करणे, प्रॉव्हिडंट फंडाची व राज्य कामगार विम्याची कपात करून ती भरणे, हे काम एखाद्या कंपनीने बाहेरच्या जाणकाराकडून करून घेतले, तर त्यात मूलतः आक्षेपार्ह काही नाही. हिशेब संगणकाने केला म्हणून तो खोटा ठरत नाही. हा धंदा फार जुना आहे. त्यातील आजच्या बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांपैकी ए. डी. पी. ही 1949 साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पॅटरसन येथे स्थापन झाली. (याच पॅटरसन गावी 1913 साली रेशीम कामगारांनी दोनऐवजी चार माग सांभाळण्याच्या सक्तीविरुद्ध प्रदीर्घ संप लढविला होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी 1928 साली जे वाढीव माग नाकारले, त्यांचेच हे भाईबंद.) परंतु हिशेबाचे काम बाहेर देता देता मालकपणच बाहेर देण्यात येते, तेव्हा प्रश्न हिशेबाचा राहत नाही. कामगाराच्या श्रमातून निर्माण होणारे वरकड मूल्य मूळ मालकाच्या तिजोरीत जाते आणि त्या कामगाराविषयीची जबाबदारी तेवढी दुसऱ्याच्या दप्तरात नोंदली जाते. मालक देतो ती किंमत व कामगाराच्या हाती पडते ती मजुरी यांमधील फरकावर जगणाऱ्या मध्यस्थाची ओळख मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडातच करून दिली आहे. मुंबईच्या गिरणीतला मुकादम दस्तुरी घेत असे. आजचा मुकादम सेवाशुल्क घेतो आणि वातानुकूलित कचेरीत बसतो.

ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते, ते 2020 साली कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात नरसापूर येथे साऱ्या देशाने पाहिले. ॲपलचे फोन जोडणाऱ्या विस्ट्रॉन या तैवानी कंपनीच्या कारखान्यात कामगारांची संख्या अल्पावधीत दहा हजारांच्या घरात गेली. त्यांतील बहुसंख्य कामगार निरनिराळ्या कंत्राटी मनुष्यबळ कंपन्यांच्या नावावर होते. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली. हजेरीची नोंद आणि पगार यांचा मेळ मात्र बसेना. ठरलेल्यापेक्षा कमी पैसे बँकेत जमा होत. दाद मागायला कारखान्याकडे जावे तर कंत्राटदाराकडे बोट दाखविले जाई आणि कंत्राटदाराकडे जावे तर कारखान्याकडे. 12 डिसेंबर रोजी असंतोषाचा स्फोट झाला आणि शंभरावर कामगारांना अटक झाली. मोडतोडीचा आकडा कंपनीने तत्काळ जाहीर केला : 437 कोटी रुपये! काही दिवसांतच तो कित्येक पटींनी खाली आला. काही कामगारांना योग्य व वेळेवर पगार मिळाला नव्हता, ही कबुली कंपनीने दिली ती त्यानंतर. भारतातील कारभार पाहणाऱ्या उपाध्यक्षाला दूर करण्यात आले. तोडफोडीचे समर्थन कोणताही शिस्तबद्ध कामगार कार्यकर्ता करणार नाही. परंतु जेथे संघटना नाही आणि तक्रार ऐकून घेणारा मालकही दिसत नाही, तेथे काच फुटते, हेही त्याने नजरेआड करता कामा नये.

कायदा काय म्हणतो? 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी जातीने हजर असावा, अशी तरतूद होती. कंत्राटदाराने पगार बुडविल्यास तो मूळ मालकाने द्यावा, असेही बंधन होते. 1978 साली हुसेनभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाद्वारे, मध्यस्थाचा पडदा दूर सारून खरा मालक कोण ते पाहावे, असा दृष्टिकोन घेतला. पुढे वारे फिरले. कंत्राट पद्धत रद्द झाल्यास कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात, हा 1996 चा निर्णय त्याच न्यायालयाने 2001 साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात मोडीत काढला. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता अंमलात आणल्या गेल्या आणि 1970 चा कायदा इतिहासजमा झाला. त्यात कंत्राटी कामगारांच्या संख्येची मर्यादा 20 होती. नव्या संहितेत ती 50 आहे. म्हणजे 49 कामगारांचे कंत्राट या तरतुदींच्या बाहेर! याच संहितांविरुद्ध कामगार वर्गाने 9 जुलै 2025 रोजी देशव्यापी संप केला होता, तो उगाच नव्हे.

पगारपत्रकातील हातचलाखीचा फटका पांढरपेशा कर्मचाऱ्यालाही बसतो. मूळ वेतन लहान ठेवून उरलेली रक्कम भत्त्यांत विभागावयाची आणि फंडातील मालकाचा वाटा वाचवावयाचा, ही युक्ती इतकी सार्वत्रिक झाली होती, की सरसकट दिले जाणारे भत्ते हे मूळ वेतनच होय, असे सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी 2019 मध्ये बजावावे लागले. खुद्द सरकार तरी कोठे मागे आहे? महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर 2023 मध्ये बाह्यस्रोतांद्वारे कंत्राटी भरतीसाठी नऊ खाजगी संस्था नेमल्या. सुशिक्षित तरुणांत असंतोष उसळला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो आदेश मागे घ्यावा लागला. रस्त्यावर आलेल्या तरुणांनी न्यायालयाची वाट पाहिली नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

नव्या संहितांतही काही धागे शिल्लक आहेत आणि ते सोडून देणे शहाणपणाचे नाही. पगाराची चिठ्ठी व नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे, मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत मिळाला पाहिजे आणि कंत्राटदाराने पगार थकविल्यास मूळ मालकाची जबाबदारीही उरते. म्हणून महाराष्ट्रात असोत वा सुरत, इंदूर, बेळगाव, हैदराबाद येथे, पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वसाहतीत प्रथम पगाराच्या चिठ्ठ्या गोळा कराव्यात. चिठ्ठीवरील हजेरी कामगाराच्या स्वतःच्या नोंदीशी आणि कपात त्याच्या फंडाच्या पासबुकाशी ताडून पाहावी. एकाच यंत्रावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या कायम व कंत्राटी कामगाराच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवाव्यात. कायम कामगारांच्या संघटनांनी आपले सभासदत्व कंत्राटी कामगारांना खुले करावे. ते न केल्यास पुढच्या करारात त्यांच्याच जागा कंत्राटात जातील, हे त्यांना स्पष्ट सांगावे. आणि मागणीपत्र लिहिताना ते पगार देणाऱ्या कंपनीला उद्देशून न लिहिता, ज्याच्या फाटकावर कारखान्याचे नाव आहे त्या मालकाच्या नावे लिहावे व त्याची प्रत कामगार आयुक्तांकडे द्यावी.