चिमणीच्या अलीकडचा हिशेब

नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे आणखी दोन कोळशाचे संच नकोत, हे २०२३ च्या जनसुनावणीत अनेकांनी ठणकावून सांगितले. आदल्याच वर्षी या केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटून राखड शेतांत शिरली होती, विरोध होणारच. पण कोळसा नको म्हटले की लगेच दुसरे वाक्य येते: मग गॅस आणा. समृद्धी महामार्गाच्या कडेने ‘गेल’ कंपनीची मुंबई-नागपूर-झारसुगुडा गॅसवाहिनी आहेच, अडले कुठे? कोळशाच्या एका युनिटमागे जवळपास किलोभर कार्बन डायऑक्साइड, गॅसच्या युनिटमागे चारशे ग्रॅम. प्रदूषण निम्म्याहून कमी!

चारशे ग्रॅमचा आकडा खोटा नाही, अपुरा आहे. तो चिमणीपाशी मोजला आहे आणि गॅसचे बरेच दुखणे चिमणीच्या अलीकडचे आहे.

जरा गणित करू. चांगल्या गॅस केंद्रात एका युनिटला सुमारे १४५ ग्रॅम गॅस लागतो, आणि गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. अमेरिकेतील गळतीवरचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात गळती उत्पादनाच्या २.३ टक्के निघाली, तिथल्या सरकारी अंदाजाहून ६० टक्के जास्त. हाच दर धरला, तर आपल्या युनिटमागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास मिथेन न जळताच हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता कोंडण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३० पट, वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींहून अधिक. म्हणजे चारशेचे एका मापाने पाचशे होतात, दुसऱ्याने पावणेसातशे. शिवाय भारताचा जवळपास निम्मा गॅस जहाजाने येतो. त्यासाठी तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो, आणि त्या खटाटोपातच त्याचा बराच हिस्सा खर्ची पडतो.

यावर गॅसच्या समर्थकांचे ठरलेले उत्तर असते: गळती कतारमध्ये झाली, नागपूरच्या विजेच्या खात्यात का टाकायची? कारण वीज इथे वापरली. सौर पॅनेल चीनच्या कारखान्यात बनताना किती धूर झाला, हे हीच मंडळी आवर्जून विचारतात. तो प्रश्न रास्त आहे. मग गॅसच्या विहिरीलाही तो लागू व्हावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गळती प्रत्येक क्षेत्रात वेगळी, मोजमाप कच्चे, मग कोणता आकडा धरायचा? हे खरेच आहे. पण रकाना कोरा सोडला की तिथे आपोआप शून्य धरले जाते, आणि सगळ्या शक्य आकड्यांत नक्की चुकीचा असलेला आकडा तोच.

हे माप कोळशालाही लावा. सावनेर-सिलेवाड्याच्या भूमिगत खाणींतूनही मिथेन निघतो, तोही कोराडी-खापरखेड्याच्या विजेच्या खात्यात यायला हवा. दोन्ही हिशेब पूर्ण मांडले तरी शंभर वर्षांच्या मापाने गॅस बहुधा कोळशाहून उजवाच ठरेल. ठरू द्या. मात्र ‘निम्म्याहून कमी’ ही बढाई टिकणार नाही, आणि तिच्या भरवशावर पुढच्या पंचवीस वर्षांची यंत्रे उभारणे शहाणपणाचे नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा उत्सर्जन-आकडा देते, युनिटमागे ०.७ किलोच्या थोडा वर. त्यात केंद्रात जळालेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड येतो. खाण, विहीर, वाहिनी, जहाज येत नाही. कंपन्या हाच आकडा घेऊन आपल्या विजेचा हिशेब मांडतात. पुरवठ्यातले उत्सर्जन तिसऱ्या कप्प्यात (‘स्कोप ३’) जाते आणि सेबीने कंपन्यांकडून मागितलेल्या अहवालात तो कप्पा ऐच्छिक प्रश्नांत आहे. ऐच्छिक म्हटल्यावर काय होते, हे सांगायला नको. याउलट युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात आयात इंधनाच्या मिथेनचाही हिशेब मागितला आहे.

प्राधिकरणाने ग्रिडच्या आकड्याशेजारी पुरवठ्याचा दुसरा रकाना छापावा, अंदाजाची खालची-वरची मर्यादा दाखवून. मोजणीची सुरुवात नागपूरच्या भूमिगत खाणींपासून करता येईल. ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था याच शहरात आहे. तोवर गॅसच्या विजेला कुणी ‘स्वच्छ’ म्हटले, तर वाचकहो, एवढेच विचारा: मोजणी कुठून सुरू केली?