शेळीवर निबंध नसतो

२०२४ च्या जुलैमध्ये बी.ए. प्रथम वर्षाच्या मराठीच्या वर्गात आम्ही पहिल्याच आठवड्यात एक निबंध लिहून घेतला. विषय मुद्दाम शाळकरी ठेवला होता : ‘माझा आवडता प्राणी’. मुले कशी लिहितात हे पाहायचे होते. काय लिहितात याकडे तेव्हा आमचेही फारसे लक्ष नव्हते. परंडा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने सिंहावर लिहिले. वनराज, आयाळ, डरकाळी, सगळे जागच्या जागी. पुढे बोलता बोलता कळले की त्याच्या घरी नऊ शेळ्या आहेत, त्यांना पाला टाकल्याशिवाय तो कॉलेजला निघत नाही आणि एखादी व्यायला झाली की रात्र रात्र गोठ्यात बसतो. शेळ्याही कुठल्या, तर उस्मानाबादी. काळीभोर, बहुधा जुळी करडे देणारी ही जात आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर घेऊन फिरते; २०२३ मध्ये जिल्हा धाराशिव झाला, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. आम्ही विचारले, ‘अरे, मग शेळीवर का नाही लिहिलेस?’ तो निरागसपणे म्हणाला, ‘सर, शेळीवर निबंध नसतो.’

या ‘नसतो’पाशी आम्ही बरेच दिवस अडखळून होतो. त्या मुलाच्या लेखी निबंध ही आधीपासून कुठेतरी लिहून ठेवलेली वस्तू होती. ती पाठ करायची आणि मागणी आली की काढून द्यायची. सिंहाचा निबंध आहे, गाईचा आहे, पावसाळ्यातील एका दिवसाचा आहे, शेळीचा नाही. बारा वर्षे मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलाला, आपण जे पाहिले ते आपण लिहायचे असते, हे कोणी सांगितलेच नव्हते. आणि त्यात आम्हीही आलो. ‘निबंधाचे प्रकार’ या घटकाच्या टिपणी आम्ही कितीतरी वर्षे वर्गात उतरवून दिल्या आहेत : वर्णनात्मक, वैचारिक, कल्पनाप्रधान, आरंभ आकर्षक असावा, शेवट परिणामकारक असावा. परीक्षेत प्रश्नही तोच येतो. एकही निबंध न लिहिता निबंधात पहिला वर्ग मिळवता येतो.

मराठवाड्यात या सवयीला एक जुना वारसाही आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेऱ्यांचा कारभार उर्दूत. उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला सरकारशी बोलायचे तर अर्जनवीस गाठावा लागे. शेतकऱ्याने तोंडाने सांगायचे, अर्जनविसाने ‘लिहिण्यासारखे’ लिहायचे आणि खाली शेतकऱ्याचा अंगठा. कागदावर आलेले दुःख आपलेच आहे की नाही, हे त्याला वाचताही येत नसे. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाले, गावोगावी शाळा आणि तालुक्यांना महाविद्यालये आली, लिहिण्यावाचण्याची भाषा बदलली. तहसीलबाहेर टेबल मांडून बसलेला माणूस मात्र अजून तिथेच आहे, आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्यांत आमचे पदवीधर विद्यार्थीही असतात. आम्हांला वाटते, निबंधांचे गाईड हा त्याच अर्जनविसाचा शाळेतला अवतार. आता तर तो मोबाईलमध्येच येऊन बसला आहे. गेल्या वर्षी ‘माझे गाव’ या विषयावर आलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक गावे निसर्गाच्या कुशीत वसलेली होती आणि त्यांच्याजवळून नदी झुळझुळ वाहत होती. यांतली काही गावे उन्हाळ्यात टँकरचे पाणी पितात. निबंधांत ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. आमच्या लाल शाईला काही कामच उरले नाही.

लाल शाईविषयी एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी उमरग्याकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने पावसाविषयी दीड पान लिहून दिले होते. त्या दीड पानावर आम्ही एकतीस खुणा केल्या. ‘पाऊस पडायलाय’ खोडून ‘पाऊस पडत आहे’ केले, ‘लई’चे ‘खूप’ केले. खुणा सगळ्या बरोबर होत्या. त्यानंतर त्या मुलीने वर्षभर एकही वही तपासायला दिली नाही. तिने त्या पानात काय लिहिले होते, हे आज आठवत नाही. एकतीस हा आकडा तेवढा आठवतो.

याचा अर्थ प्रमाणभाषा शिकवू नये असा कोणी काढू नये. बोलीचे गोडवे गाऊन मुलांना आहे तिथेच ठेवणे हाही एक अन्याय आहे, आणि तो बहुधा ज्यांची स्वतःची प्रमाणभाषा पक्की असते तेच करतात. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये चौदा होते, १९७२ मध्ये चार वाढून अठरा झाले. थोड्या पानांत ते मावतात आणि महिनाभरात शिकवता येतात. प्रश्न ते केव्हा शिकवायचे एवढाच आहे. ‘पडायलाय’ की ‘पडत आहे’, हे वाचणारा कोण यावर ठरते. आजीला पत्र असेल तर पहिले, तहसीलदाराला अर्ज असेल तर दुसरे. वाचणारा समोर नसताना केलेली दुरुस्ती ही मुलाला केवळ स्वतःची दुरुस्ती वाटते.

सध्या आम्ही प्रत्येक निबंध दोनदा लिहून घेतो. भूम तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. त्या भागात घरोघरी खव्याच्या भट्ट्या आहेत. कुंथलगिरीचा पेढा ज्यांनी खाल्ला असेल त्यांना त्या खव्याची ओळख सांगायला नको. तिचा पहिला खर्डा ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ येथून सुरू झाला आणि खवा हा दुग्धजन्य पदार्थ असल्याचे सांगून संपला. आम्ही शाई उचलली नाही, प्रश्न विचारले. भट्टी कधी पेटते? कढईपाशी कोण असते? झाला हे कसे कळते? दुसऱ्या खर्ड्यात तिने लिहिले की पाच लिटर दुधाला किलोभर खवा निघतो, हात थांबला की तळाला लागतो, लागलेला खवा व्यापारी घेत नाही, म्हणून भट्टीवर असताना आई मामाचाही फोन उचलत नाही. मामाचा फोन वाचून वर्ग हसला. ती हसली नाही. तिने विचारले, ‘सर, दूध दीर्घ लिहायचं आणि दुधाला मात्र ऱ्हस्व, असं का?’ शब्दाच्या शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असेल तर विभक्तीप्रत्यय लागताना ते ऱ्हस्व होते, हा नियम आम्ही फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल. तो मागून घेतलेला आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिच्या निबंधात तो शब्द अकरा वेळा येत होता, तिला ते पान बरोबर हवे होते.

सहकारी म्हणतात, वर्गात ऐंशी मुले, निम्मे अध्यापक तासिका तत्त्वावर, दोन दोन खर्डे कोण तपासणार? आक्षेप खरा आहे आणि त्याला आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. आम्ही वर्षाला निबंध चारच घेतो, मुले एकमेकांचे वाचतात, आणि एका पानावर तीनपेक्षा जास्त खुणा करायच्या नाहीत असे स्वतःवर बंधन घातले आहे. ते पाळणे फार कठीण जाते. दुसरे म्हणणे असे की मुलांना स्पर्धापरीक्षा द्यायच्या आहेत, तेथे शेळी आणि खवा काय कामाचा? २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तीत निबंधाचाही पेपर आहे. आणि लगेच तयार निबंधांचे संच बाजारात शोधण्याची धावपळ सुरू झाली. हजारो उमेदवार तोच संच पाठ करून बसणार असतील तर वेगळे लिहिणाऱ्याला फायदाच होईल, असे आम्ही मुलांना सांगतो. खरे कारण हे नव्हे, पण हे कारण त्यांना पटते.

मराठीच्या विद्यार्थ्याला खरे तर लांब जायची गरज नाही. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. तो फुल्यांच्या शाळेतल्या, अजून पोरवयात असलेल्या मुलीने लिहिला होता. पंडितांना उद्देशून बोलावे असे तिला वाटले आणि ती बोलली. छप्पर नसलेल्या बायांच्या बाळंतपणाचे हाल तिने लिहिले, कारण ते तिने जवळून पाहिले होते. आम्ही हा निबंध दलित साहित्याची पूर्वपीठिका म्हणून, स्त्रीलेखनाचा आरंभ म्हणून शिकवतो. एका विद्यार्थिनीने लिहिलेला निबंध म्हणून तो प्रथम वर्षाच्या लेखनाच्या वर्गात कधी वाचून दाखवला नव्हता. यंदा दाखवला. मागच्या बाकावरून विचारणा झाली, ‘तिला मार्क किती मिळाले?’ असो.

२०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने परंडा आणि भूम भागात पुराचे पाणी शिरले, पिके गेली, जनावरे वाहून गेली. नंतर महिनाभर तहसीलबाहेरच्या टेबलांपुढे रांगा होत्या. शेळ्यांचा तो विद्यार्थी तेव्हा द्वितीय वर्षाला होता. तो मदतीचा अर्ज घेऊन आमच्याकडे आला, स्वतः लिहिलेला, फक्त शुद्धलेखन पाहून द्या म्हणाला. अर्ज सरळ होता : दिनांक, गट क्रमांक, पाणी किती वाजता आले, नऊपैकी चार शेळ्या कशा गेल्या. आम्ही दोन शब्द दुरुस्त केले. शेवटच्या ओळीत त्याने लिहिले होते की त्यांतली एक चार महिन्यांची गाभण होती. नमुन्यात तसा रकाना नाही, हे त्याला ठाऊक होते. ही ओळ ठेवू का, असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, ठेव.