पळणारी मुलगी आणि राखणदार कुत्रा

(पळून जाणारी नव्हे हो! धावणारी. शीर्षक वाचून नातेवाइकांचे फोन यायला नकोत, म्हणून आधीच सांगून ठेवते.)

तर झालं असं, की गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला साताऱ्याहून भाचीचा फोन आला. "आत्या, तू बाबांना समजाव. ते रॉटवायलर आणतायत."

आमची ही भाची धावते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी तिची तयारी चालू आहे. एकवीस किलोमीटर, त्यातला बराचसा भाग यवतेश्वरचा घाट. त्यामुळे आठवड्यातून चार दिवस पहाटे पाचला ती घाटात असते. दोन दिवस लागोपाठ एक मोटरसायकलवाला तिच्या मागेमागे हळूहळू गाडी चालवत आला. बोलला काही नाही, नुसता मागे. तिसऱ्या दिवशी तिने हे घरी सांगितलं आणि मग सांगितल्याचा तिला पश्चात्ताप झाला. दादाचं फर्मान निघालं: एक तर धावणं बंद, नाही तर सोबत कुत्रा. आणि कुत्रा म्हणजे असा, की बघणाऱ्याची गाळण उडाली पाहिजे. कुणा ओळखीच्याकडे पिल्लं आहेत म्हणे, ॲडव्हान्स देऊनसुद्धा झाला.

दादा, तू हे वाचतोस हे मला ठाऊक आहे. वहिनी वाचून दाखवते. तेव्हा जे फोनवर नीट बोलता आलं नाही (तू बोलू दिलं नाहीस) ते इथे लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे पिल्लू हे उत्तरच नाही. प्रश्न आजचा आहे आणि पिल्लू आहे दीड महिन्याचं. मोठ्या जातीच्या कुत्र्याची हाडं साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात. तोवर त्याला डांबरी घाटात दहा-दहा किलोमीटर पळवलं तर सांध्यांची वाट लागते. म्हणजे तू आज पिल्लू आणलंस तर ते पोरीबरोबर घाटात जाणार पुढच्याच्या पुढच्या वर्षी. तोवर ती काय करणार? घरी बसणार? की पिल्लाला खाऊ घालून एकटीच जाणार?

दुसरं, रॉटवायलर. मला ह्या कुत्र्याबद्दल आकस नाही. चांगल्या हाती तो फार शहाणा असतो. पण पन्नास किलोच्या आसपासचा, काळाभोर, जड बांध्याचा कुत्रा हा काही लांब पल्ल्याचा धावपटू नव्हे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो थंड होतो मुख्यतः धापा टाकून. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी आठला घाट उतरताना भाचीला घाम येईल, कुत्र्याला उष्माघात होईल. कायद्याचा घोळ आहे तो वेगळाच. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा म्हणून राज्यांना कळवलं. त्यात रॉटवायलर होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. म्हणजे आज बंदी, उद्या नाही, परवा काय ते देव जाणे. सोसायटीतल्या भांडणाला मात्र तेवढं निमित्त पुरतं.

पण माझा खरा आक्षेप ह्या दोन्हींपेक्षा वेगळा आहे, आणि तो सांगायचा तर टायगरची गोष्ट सांगायला हवी.

माझ्या सासरी १९९४ साली टायगर होता. जर्मन शेफर्ड. कॉलनीत एक चोरी झाली आणि सासऱ्यांनी तो आणला, राखणीला. दिवसभर जिन्याखाली साखळीला, रात्री अंगणात मोकळा. कुणी त्याला हात लावायचा नाही, लाड करायचे नाहीत, कारण लाडावला की राखण करत नाही असं सासऱ्यांचं ठाम मत. जी जात मूळची मेंढ्या राखायची, दिवसभर माणसाबरोबर चालायची, ती आम्ही जिन्याखाली बांधून ठेवली. तो पाहुण्यांवर भुंकायचा, दूधवाल्यावर भुंकायचा, आमच्यावरही भुंकायचा. आम्हाला वाटायचं, वा, काय कुत्रा आहे! एका संध्याकाळी साखळीचा हूक सुटला आणि इस्त्रीचे कपडे घेऊन आलेल्या आठ-नऊ वर्षांच्या पोराचा हात त्याने फोडला. कुत्र्याला लस दिलेली होती, तरी डॉक्टरांनी धोका घेतला नाही. तेव्हाची ती पोटातली इंजेक्शनं. मी त्या पोराला रोज घेऊन जायचे. चौथ्या दिवशी त्याने मला विचारलं, "काकू, मी त्याला काय केलं होतं?"

ह्याचं उत्तर मला आजही देता येत नाही. त्याने काही केलं नव्हतं. टायगरनेही, खरं तर, आम्ही शिकवलं तेवढंच केलं. त्याने उभ्या आयुष्यात अनोळखी माणूस धड पाहिलाच नव्हता. पिल्लू तीन आठवड्यांपासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे जे पाहतं, हुंगतं, ते त्याच्या लेखी जगातलं नेहमीचं. बाकी सगळं संशयास्पद. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता माहीत आहे.

म्हणून माझं मत असं. जो कुत्रा सगळ्यांना फाडून खाईल तो मालकाबरोबर धावूच शकत नाही. यवतेश्वरच्या घाटात पहाटे फिरायला येणारे आजोबा असतात, सायकलवाली पोरं असतात, दुधाच्या गाड्या असतात. ह्या सगळ्यांजवळून शांतपणे जाणारा कुत्राच रोज सोबत नेता येतो. जो नेता येत नाही तो घरी साखळीला राहतो, आणि मग पोरगी पुन्हा एकटी. घाटात चावणारा कुत्रा लागतच नाही. मोटरसायकलवाल्याला हिच्या शेजारी उभे कान नि रोखलेली नजर दिसली की पुरे.

मग जात कोणती? इथे मला एक गंमत सांगायची आहे. आपल्याला हवा तसा कुत्रा एका माणसाने मुद्दाम घडवला होता. जर्मनीतल्या अपोल्डा गावचा कार्ल फ्रिड्रिश लुई डॉबरमन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो करवसुली करायचा. खिशात पैसे, वाट एकट्याची, आणि करवसुलीवाला कुणाला आवडतो! गावातल्या भटक्या कुत्र्यांचा कोंडवाडाही त्याच्याकडेच होता, त्यामुळे कच्च्या मालाला तोटा नव्हता. त्याने दिवसभर चालेल, सावध राहील, वेळ पडल्यास आडवा येईल असा कुत्रा तयार केला. कोणकोणत्या जाती मिसळल्या ह्याची नोंदसुद्धा ठेवली नाही. तो १८९४ मध्ये गेला आणि नाव कुत्र्याला राहिलं. ते सुरुवातीचे डॉबरमन म्हणे फार तिखट होते. पुढच्या लोकांनी त्यांचा स्वभाव मवाळ केला, ते बरंच झालं. आखूड केस, हलका बांधा, आपल्या हवेत निभतो. फक्त ह्या जातीत हृदयाचे स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगण्याचा आजार खूप आहे, आणि कधीकधी त्याचं पहिलं लक्षण म्हणजे अचानक मृत्यू. पळणाऱ्या माणसाने हे विसरून चालणार नाही. इको केल्याशिवाय घेऊ नये.

आपला कारवान? मला मनापासून आवडतो. मराठवाड्यातला हा कुत्रा धावायला जन्मलेला. परक्याचा हात अंगाला लावून घेणार नाही, हेही आपल्या कामाचं. त्याचा कर्नाटकातला भाऊबंद, मुधोळ, २००५ मध्ये टपाल तिकिटावर आला, २०१६ मध्ये लष्कराने मेरठला प्रशिक्षणासाठी नेला. पण तो नजरेचा शिकारी. ससा दिसला की मालकीणबाई गेल्या खड्ड्यात. घाटातून वर कासच्या बाजूला जायचं तर तो एक क्षणही मोकळा सोडता येणार नाही. हातात दोर, पुढे कारवान आणि झुडपात ससा, म्हणजे भाचीच्या खांद्याचं काही खरं नाही. बेल्जियन मॅलिन्वाची हल्ली फॅशन आहे, कमांडोंबरोबर फोटोत दिसतो म्हणून. त्याला रोज काम लागतं, नुसतं धावणं पुरत नाही. नोकरी करणाऱ्या मुलीने त्या वाटेला जाऊ नये. आणि वयात आलेली, शांत स्वभावाची गावठी कुत्री मिळाली तर ह्या सगळ्यांपेक्षा स्वस्त, निरोगी आणि टिकाऊ. पण दादाला ते पटणार नाही. त्याला नाव हवं.

आणखी एक, जे कुणीच बोलत नाही. साताऱ्याच्या डोंगरात बिबट्या आहे. अंधारात कुत्रा ही त्याची आवडती शिकार. म्हणजे पहाटे पाचला कुत्रा नेणं ही राखण नव्हे, आमंत्रण आहे. उजाडल्यावरच निघायचं. कुत्रा असो वा नसो.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती गप्प होती. मग म्हणाली, "आत्या, मला कुत्रे आवडतात गं. पण मला कुत्रा हवाय का, हे कुणी विचारलंच नाही. भाऊ नाही म्हणून सोबत कुत्रा पाठवतायत." मी निरुत्तर! अठरा वर्षांची असताना मला क्लासला जाताना सोबत म्हणून धाकट्या चुलतभावाला पाठवायचे. तो सात वर्षांचा होता. असो.

कुत्रा मिळेपर्यंत करायचं ते तिने केलंय. मोटरसायकलचा नंबर अर्धाच दिसला होता, तरी तेवढा घेऊन पोलिसांत तक्रार दिली. ११२ फोनवर सेव्ह आहे. घाटात जाणाऱ्या दोन शिक्षिका आहेत, त्यांच्याबरोबर सहाला निघते. मोटरसायकलवाला पुन्हा दिसलेला नाही.

आणि कुत्रा? मागच्या रविवारी आम्ही कराडला गेलो होतो. मी, भाची आणि (हो!) दादा. एका कुटुंबाची अडीच वर्षांची डॉबरमन कुत्री, राणी. ती मंडळी परदेशी चालली आहेत. फाटक उघडलं तशी राणी दोनदा भुंकली. मालकीणबाई "बस" म्हणाल्या आणि ती बसली. नजर मात्र आमच्यावरून हटली नाही. दादाने लांबूनच विचारलं, "चावते का?" बाई म्हणाल्या, "अजून वेळ आली नाही." दादाचा चेहरा पडला. भाची तिला घेऊन मागच्या शेताच्या रस्त्याने तीनेक किलोमीटर धावून आली. येताना दोघींच्या जिभा बाहेर.

गुरुवारी राणीचा इको आहे. रिपोर्ट चांगला आला तरच, असं भाचीने स्वतः ठरवलंय. दादाने रॉटवायलरवाल्याकडून ॲडव्हान्स अजून परत मागितलेला नाही.