फोन करणाऱ्याचीही जबाबदारी

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे ग्रामीण रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. गाडी कोठवर आली, काट्यावर रांग किती आहे, ही सर्व विचारणा चालकाच्या मोबाइलवरच होते. या साधनाने शेतकऱ्यांच्या पुष्कळ खेपा वाचल्या, हे निर्विवाद होय. परंतु चालत्या वाहनावर तेच साधन घातक ठरते.

हिशेब साधा आहे. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर सेकंदाला ५ मीटर पुढे सरकतो. फोन कोणाचा हे पाहण्यात ४ सेकंद गेले, तर चालक २० मीटर अंतर रस्त्याकडे न पाहता कापतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाच्या मोटारसायकलीवर हेच अंतर ६० मीटर भरते. शिवाय, भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ब्रेक दाबताच जागीच थांबत नाही. कानात इअरफोन घातल्याने हात मोकळा राहतो. लक्ष मोकळे राहत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, वाहन चालविताना हातात फोन धरून वापरणे धोकादायक वाहनचालनात गणले आहे. पहिल्या अपराधास १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

तथापि केवळ चालकास दोष देऊन भागणार नाही. फोन करणारा बहुधा मालक, मुकादम, चिटबॉय किंवा घरचेच माणूस असते. आणि फोन न उचलल्यास बोलणी खावी लागतील, या धास्तीने चालक तो उचलतो. म्हणून फोन करणाराने प्रथम "गाडीवर आहात काय?" असे विचारावे, आणि होकार मिळताच बोलणे बंद करावे. मालकाने थांबण्याची ठिकाणे चालकाशी आधीच ठरवून द्यावीत व तेथूनच फोन करण्यास सांगावे. चालकाने निघण्यापूर्वी फोनचा आवाज बंद करावा. बोलणे अत्यावश्यकच असेल, तर वाहन रस्त्यावर उभे न करता कडेच्या मोकळ्या जागेत घ्यावे. कारण रात्री रस्त्यात उभी असलेली ट्रॉली मागून येणाऱ्यास दिसत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय शेतकरी सभेत मांडावाच. परंतु त्याआधी स्वतःच्या मोटारसायकलीवर तो पाळावा. सभेचा निरोप देण्यासाठी वाटेवरील शेतकऱ्यास वारंवार फोन करणे, हेही टाळले पाहिजे. ऊस काट्यावर तासभर उशिरा पोचल्याने होणारे नुकसान भरून निघते. माणूस गेल्याचे भरून निघत नाही.