वाजला का? वाजला!

रविवारी सकाळी साडेआठला बाबांचा फोन. "अगं, सायरन बसवलाय. एकदम सॉलिड! ये आणि ऐक." आमचे बाबा एखाद्या गोष्टीला 'सॉलिड' म्हणाले, की मी आधी घरात मेणबत्त्या आहेत ना ते विचारते.

थोडं बॅकग्राउंड. रिटायर झाल्यावर आई-बाबांनी सदाशिव पेठेतला फ्लॅट विकला आणि पौडच्या पुढे, मुळशीच्या रस्त्याला एक छोटा बंगला घेतला. हिरवे डोंगर, धो धो पाऊस, मोबाइलला अर्धी काडी रेंज. आसपास अजून बारा बंगले आहेत, पण त्यातले अकरा फक्त वीकेंडला जागे होतात. जुलैत त्यातलाच एक फोडला. गेलं काय, तर टीव्ही, गॅस सिलिंडर आणि म्युझिक सिस्टिम. आईची झोप मात्र त्यांच्याबरोबरच गेली. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे चोर आला तर हे उठून त्याच्याशी हुज्जत घालतील याचं तिला चोरापेक्षा जास्त टेन्शन. ती रात्री दाराला आतून खुर्ची टेकवून झोपायला लागली. हे मला तिने सांगितलं नाही. फरशीवरचे ओरखडे पाहून मीच विचारलं.

म्हणून अलार्म. पॅनेल, दारांना सेन्सर, आईच्या उशाशी पॅनिक बटण. सगळं टापटीप. बाबांनी ऐटीत बटण दाबलं आणि गेटच्या खांबावरून आवाज आला... कसा सांगू? भुकेल्या मांजराच्या पिल्लासारखा. वर व्हरांड्यात गणपती मंडळाचा एक जुना कर्णाही जोडलेला होता. तो फक्त 'टक्' म्हणाला. मग पॅनेलचा फ्यूज गेला.

मास कॉममध्ये आम्हाला 'संवादात गोंगाट आला की संदेश बिघडतो' हे शिकवलं होतं. गोंगाटच येत नसेल तर काय करायचं, हे सिलॅबसमध्ये नव्हतं. मग हिंजवडीतल्या एका मित्राला बोलावलं. (हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे, हे तिथल्या अर्ध्या पब्लिकच्या गावीही नसतं.) हा प्राणी दिवसभर कोडिंग करतो, पण जीव अडकलाय सोल्डरिंगमध्ये. त्याने वायर पाहिली आणि कपाळावर हात मारला. उरलेली टेलिफोनची वायर!

फंडा असा. घर ते गेट चाळीस मीटर, म्हणजे करंटचा जाऊन-येऊन प्रवास ऐंशी मीटर. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा तेवढ्या अंतराला रेझिस्टन्स होतो साधारण सात ओहम. सायरन बारा व्होल्टचा, भूक एका अँपिअरची. पॅनेलमधून बारा व्होल्ट निघतात आणि गेटवर पोचतात साडेसात. सरकारी योजनेसारखं! दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर तोच रेझिस्टन्स एक ओहमच्या आत येतो आणि वाटेत जेमतेम एक व्होल्ट सांडतो. वायर बदलली आणि मांजराचा वाघ झाला.

कर्ण्याची गोष्ट वेगळी. सायरनच्या पोटात आवाज तयार करणारं सर्किट असतं, त्याला नुसते बारा व्होल्ट दिले की तो बोंबलतो. प्लस-मायनस तेवढं नीट बघायचं. स्पीकरला मात्र सूर बाहेरून द्यावा लागतो. त्याला सरळ डीसी दिला तर पडदा एकदा पुढे सरकतो आणि तिथेच बसतो. तोच तो 'टक्'. शिवाय आठ ओहमच्या स्पीकरला बारा व्होल्ट म्हणजे दीड अँपिअर, आणि आमच्या पॅनेलच्या बेल टर्मिनलची ऐपत एक अँपिअर. फ्यूज गेला म्हणून पॅनेल वाचलं.

उपाय म्हणजे मध्ये सायरन ड्रायव्हर नावाची छोटी डबी. पण तीही दोनेक अँपिअर ओढते. म्हणून मित्राने रिले लावला: पॅनेलने फक्त रिलेला टिचकी मारायची, खरी ताकद फ्यूज लावलेल्या वेगळ्या बॅटरीने द्यायची. बॅटरीला चार्जर, कारण आमच्याकडे पावसाळ्यात लाइट असतात कमी आणि जातात जास्त. कर्ण्याचं तोंड जरा खाली, नाहीतर तो पावसाचं पाणी साठवायचं भांडं होतो.

"तोंड कुठल्या दिशेला?" मित्राने विचारलं.

"रस्त्याकडे," बाबा म्हणाले.

"रस्त्यावर कोण आहे?"

खरंच, कोण आहे? एका मीटरवर ११० डेसिबल असलेला आवाज अंतर दुप्पट झालं की सहाने उतरतो. शंभर मीटरवर सत्तर, चारशेवर अठ्ठावन्न. पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर विसराच. आणि चारशे मीटरच्या आत बाराही महिने माणसं असतात ती एकाच ठिकाणी, मागच्या वाडीत. सेनापती बापटांनी ज्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, त्याच्याच पाण्याखाली या लोकांच्या पणजोबांची घरं गेली.

बाबा गप्प. कारण मला माहीत होतं. गेल्या वर्षी त्यांनी प्लॉटला तारेचं कुंपण घातलं, त्यात वाडीची नदीवर जायची पायवाट गेली. कागदोपत्री बाबा बरोबर. त्यानंतर बोलणं बंद.

मी काही न बोलता शिडीवर चढले आणि कर्णा वाडीकडे फिरवला. संध्याकाळी सात वाजता टेस्ट. आईने बटण दाबलं. बापरे! कुत्री, बगळे, शेजारच्या बंगल्याचा केअरटेकर, सगळेच उडाले. (पाच मिनिटांनी आपोआप बंद व्हायचं सेटिंग केलंय. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि सेन्सरवर पाल चढली तरी ही सिस्टिम वाजते.)

आम्ही टाळ्या देत होतो, तेवढ्यात अंधारात बॅटऱ्या दिसल्या. चार माणसं आणि एक मावशी, भिजलेली, हातात काठ्या. सगळ्यात पुढे वाडीतले आजोबा, त्यांना धाप लागलेली.

"काय झालं सायेब? ताई बऱ्या हायेत ना?"

बाबांनी दोनदा तोंड उघडलं. "टेस्ट... टेस्ट करत होतो."

आजोबा पायरीवर टेकले. "मग सांगून तरी वाजवायचं. आणि कुंपनाला वळसा घालावा लागला, नायतर कवाच पोचलो असतो."

आईने सगळ्यांना चहा केला. बाबांनी स्वतः कप नेऊन दिले, जे आमच्या घरात दिवाळीलाही होत नाही.

या शनिवारी पुन्हा फोन. "येताना पक्कड आण. आणि दोन बिजागऱ्या."

"कशाला?"

"मागच्या कुंपणाला फाटक करतोय."

"त्याला सेन्सर लावायचा का?"

"वेडी आहेस का?" बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला. मी तिला खुर्चीबद्दल विचारलं. ती म्हणाली, खुर्ची व्हरांड्यात ठेवलीय, आजोबा आले की बसायला होते.