आजीच्या म्हणी ग्रामसभेत न्या

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल, तर या आठवड्यात त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. पूर्वी गावातली कामं कशी व्हायची, ते विचारा. बोलता बोलता म्हणी येतीलच. त्या उतरवून घ्या. कुठली म्हण कुठल्या कामाच्या वेळी म्हणत, तेही लिहा. नुसत्या म्हणी दाते-कर्व्यांच्या कोशातही सापडतील. त्यामागचं काम घरच्या जाणत्यांनाच ठाऊक असतं.

'गाव करी ते राव न करी' हीच घ्या. राधानगरी, गगनबावड्याकडं भाताची रोपलावण पैऱ्यानं होत आली आहे. आज सगळ्याजणी तुमच्या खाचरात वाकतात, उद्या तुम्ही त्यांच्या. मजुरीचा पैसा नाही, दिवसाची फेड दिवसानं. घरात कुणी आजारी पडलं तर सुनेला नाहीतर लेकीला पाठवतात, पण पैरा बुडवत नाहीत. त्यामुळं ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याचीही लावण वेळेत उरकते. आफ्रिकेत लेसोथोच्या डोंगराळ मुलखातले बासोथो शेतकरीही असंच एकमेकांच्या रानात राबतात. त्याला ते 'लेत्सेमा' म्हणतात.

तुम्ही हा पैरा ओढा साफ करायला लावा. मे संपायच्या आत गल्लीनिहाय दिवस वाटून घ्या.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण मुलांना सांगतो. पुराच्या बाबतीत मात्र स्वतःच विसरतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर तुम्ही पाहिलाय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. माणसं घर सोडायला उशीर करतात ती बहुतेकदा दावणीच्या म्हशीपायी. म्हणून उंचावरच्या कुणाच्या गोठ्यात तुमची जनावरं जातील, ते आत्ताच बोलून ठेवा. वैरणीचंही ठरवा. रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक, रोजच्या गोळ्या प्लास्टिकच्या एका पिशवीत बांधून ठेवा. गल्लीत अंथरुणाला खिळलेलं कोण, पोटुशी कोण, त्यांना कोण उचलणार, ही नावं कागदावर हवीत.

हे सगळं ग्रामसभेत मांडा. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण पाचजण बोलले तरच. घरातल्या बाईला सोबत न्या आणि बोलू द्या. पाण्याची वाट तिला जास्त माहीत असते.

वहीत काही म्हणी जातीवरून, बाईवरून हिणवणाऱ्याही येतील. त्या पुढच्या पिढीच्या तोंडी देऊ नका. आपल्याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. ज्या म्हणीनं शेजारी दुखावतो, ती म्हटलीत तर तो तुमच्या ओढ्यावर फावडं घेऊन येणार नाही.

१ मेची ग्रामसभा जवळ आली की सरपंचांना आधी भेटा. ओढ्याची सफाई आणि जनावरांची जागा, हे दोन विषय लेखी द्या आणि पोच घ्या.